तलावाच्या पाळीवर चार रात्री

पहिला दिवस : ३ जून

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, काल संपला, तरी ऊन काही उतरलेलं नव्हतं. सकाळी साडेआठला नागपुरात बसमध्ये चढतानाच मी आणि भाचीने दुपट्टे तोंडाला गुंडाळले होते. भाची अकरा वर्षांची. शहरात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, आणि काजवा तिने आजवर फक्त चित्रात पाहिलेला. एप्रिलमध्ये एक दिवस वाचता वाचता तिने विचारलं होतं, "मावशी, काजव्यांना उजेड कशाला लागतो? रात्री हिंडणाऱ्या किड्यांना तर अंधारातच दिसतं ना?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. उत्तर पाठ होतं. पण माझ्या लहानपणच्या किती तरी रात्री मामाच्या गावी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काजवे बघण्यात गेल्या आहेत. तो सगळा ऐवज या मुलीला वहीतल्या चार ओळींत उरकून द्यावा, असं मन होईना. आमच्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी जाऊन येऊ म्हटलं.

कामठी, कन्हान, मनसर. मनसरला नागपूर-जबलपूरचा मोठा रस्ता सोडून गाडी रामटेककडे वळली. गावची गाडी दुपारी तीनला होती, म्हणून मधल्या वेळात गडमंदिर चढलो. पायऱ्या तापलेल्या, माकडं सावलीला पडलेली. वर पोचल्यावर मात्र वारा लागला आणि खाली अंबाळा तलाव दिसला. इथे उभं राहिलं की मला दर वेळी कालिदास आठवतो. 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर विरहाचं वर्ष काढतो तो डोंगर हाच, असं मानतात; संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी ते आग्रहाने मांडलं. त्या काव्यात एक जागा आहे. यक्ष ढगाला सांगतो की माझ्या घरात डोकावशील तेव्हा विजेचा लखलखाट एकदम आत टाकू नकोस, काजव्यांची ओळ लुकलुकावी इतकाच हलका उजेड ठेव. संस्कृतात काजव्याला खद्योत म्हणतात. ख म्हणजे आकाश, त्यात चमकणारा तो खद्योत. आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग पाहणाऱ्या माणसाला काजवे आठवावेत, हे मला फार खरं वाटतं. आमच्याकडे ढग आणि काजवे एकमेकांचा हात धरूनच येतात.

भाचीला मी हे सांगितलं. तिने विचारलं, "मग आज ढग कुठे आहेत?"

नव्हते. आकाश पांढरं पडलेलं होतं.

गाव जंगलाच्या काठाला आहे. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला साग आणि मोह, आणि मध्ये तलाव. मामा फाट्यावर घ्यायला आले होते. मामी अंगणात बाज टाकून वाटच बघत होती. कैरीचं पन्हं झालं, आंघोळी झाल्या आणि अंधार पडायच्या आतच भाची दारात जाऊन उभी राहिली. आम्ही पाळीवर गेलो, आणि मला धक्का बसला. पाळीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर पांढराशुभ्र एलईडी दिवा लागला होता. अर्धा तलाव त्यात उजळलेला. ज्या करंजाच्या झाडाखाली आम्ही भावंडं बसायचो, तिथे आता पुस्तक वाचता येईल इतका प्रकाश होता.

तासभर बसलो. एकही काजवा नाही.

परत आल्यावर मामी म्हणाली, "एक पाणी पडू दे बाई, मंग पाय. कोरड्या जमिनीतून काजवे कसे निंगन?"

रात्री बाजेवर पडल्यावर भाचीने माझ्या लहानपणाबद्दल विचारलं. मी तिला बाटलीची गोष्ट सांगितली. मी आणि माझा भाऊ काचेच्या बाटलीत पन्नास-साठ काजवे भरायचो आणि उशाशी ठेवायचो. सकाळी बाटलीच्या तळाला करडे, बुटके, मेलेले किडे असायचे. आम्ही ते अंगणात झटकून टाकायचो आणि रात्री पुन्हा बाटली घेऊन निघायचो. काजव्याला प्रौढ आयुष्य किती मिळतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. जेमतेम दोन-तीन आठवडे. आमच्या बाटल्यांनी त्यातलंही किती खाल्लं, ते अजून मनाला लागून आहे.

दुसरा दिवस : ४ जून

पहाटे पाचला मामांबरोबर तलावावर. आमच्या पूर्व विदर्भात असे हजारो जुने तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले म्हणून माजी मालगुजारी तलाव, आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. भाचीला वाटलं की हा तलाव खरंच तिच्या आबाजींचा, म्हणजे माझ्या मामांचा आहे. मामांनीही तिला तसंच वाटू दिलं.

जूनमध्ये पाणी पार मागे हटलेलं असतं. काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, पण करंजाखाली पालापाचोळ्याचा जाड थर होता आणि त्याच्या खाली माती गार, ओलसर. मी काडीने पाला थोडा बाजूला केला. गोगलगायींचे रिकामे शंख निघाले, पाच-सहा, शेंगदाण्याएवढे.

"हे कुणी खाल्ले?" भाचीने विचारलं.

कुणी खाल्ले हे शंखावर लिहिलेलं नसतं, पण इथून मला काजव्याची खरी गोष्ट सांगता आली. रात्री उडताना दिसतो तो काजवा म्हणजे गोष्टीचा शेवट. काजवा ही माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. मादी ओल्या मातीत, शेवाळात अंडी घालते. त्यातून अळी निघते. चपटी, खवल्याखवल्यांची, पाठीवर चिलखत घातल्यासारखी. ही अळी शिकारी असते. गोगलगायीच्या चिकट वाटेचा माग काढते, चावून अंगात विष सोडते आणि आतलं मांस विरघळवून पिते. महिनोन् महिने, काही जातींत वर्षाहून जास्त, ती अशीच पाल्याखाली जगते. मग मातीत कोष करते आणि पावसाच्या तोंडावर पंख घेऊन बाहेर येते. बऱ्याच जातींचे काजवे बाहेर आल्यावर फारसं काही खातही नाहीत. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर शेवटचे दिवस काढतात.

आणि ही अळीसुद्धा चमकते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. तिला लग्न करायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, तरी तिच्या शेपटाशी दोन मंद ठिपके पेटतात. कारण काजव्यांच्या अंगात बेडकाच्या विषाशी नातं सांगणारी कडू रसायनं असतात. बेडूक, सरडा, पक्षी यांनी एकदा तोंडात घेऊन थुंकलं की उजेड दिसला म्हणजे कडू, हे त्यांच्या लक्षात राहतं. सगळ्या काजव्यांच्या अळ्या चमकतात. प्रौढ मात्र सगळ्या जातींचे चमकत नाहीत. त्यावरून अभ्यासकांचं मत असं आहे की उजेड आधी धमकी म्हणून आला आणि प्रेमाचं काम त्याच्याकडे मागाहून आलं. म्यानमारमध्ये सापडलेल्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे गोठून दगड झालेल्या डिंकात, पोटाशी दिवा असलेला काजवा मिळाला आहे. तेव्हा डायनोसॉर हिंडत होते.

भाचीने शंख खिशात टाकले.

दुपार कुलरपुढे गेली. चार वाजता वारा पडला. साडेचारला मामींनी वाळत घातलेले सांडगे उचलायला सुरुवात केली, आणि मी विचारायच्या आत पश्चिमेकडून धूळ उठली. वावटळ, मग गडगडाट, मग टपोरे थेंब. अर्धा तास कोसळला. मोहाची एक फांदी गोठ्यावर आली. आणि लाईन गेली. वादळात आमच्याकडे लाईन जाते ती सकाळपर्यंत येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मामींनी कंदील काढला.

सव्वासातला आम्ही पाळीवर होतो. खांबावरचा दिवा बंद. मातीचा वास इतका दाट की श्वासाबरोबर गिळल्यासारखा वाटे. बेडूक सुरू झाले होते. मी टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधून घेतला होता. काजव्यांच्या डोळ्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळे त्यांचा खेळ मोडत नाही.

पहिला काजवा भाचीनेच पाहिला. करंजाच्या खालच्या फांदीपाशी हिरवट पिवळा ठिपका पेटला, विझला, आणि हातभर पुढे जाऊन पुन्हा पेटला. ती काही बोलली नाही, नुसतं माझं मनगट पकडलं. मग बांधीकडून दुसरा आला. मग पाण्यावरून तीन. साडेसातच्या सुमाराला मी मोजणं सोडून दिलं. करंजाचं झाड आतून लुकलुकत होतं. पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडलेलं, त्यामुळे खाली-वर दोन झाडं झाली होती. सह्याद्रीत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे या दिवसांत लाखो काजवे निघतात आणि अख्खी झाडं एका तालात उघडमीट करतात. आमच्याकडे तसा महापूर नाही. शंभर-दोनशे असतील. पण पस्तीस वर्षांपूर्वी याच झाडाखाली बसलेल्या मला ते पुरून उरले.

बऱ्याच वेळाने ती कुजबुजली, "आता सांग. कशाला?"

मी तिला गवताकडे बघायला सांगितलं. उडणारे बहुतेक नर असतात. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची रीत ठरलेली: किती वेळ पेटायचं, किती वेळ थांबायचं, एकदा की लागोपाठ तीनदा. अमेरिकेतल्या एका नेहमीच्या जातीचा नर उडता उडता इंग्रजी जे अक्षरासारखी रेघ ओढतो. गवतावरची मादी सुमारे दोन सेकंद थांबून उत्तर देते. ते दोन सेकंद मोडले तर नर येत नाही, कारण मग ती त्याच्या जातीची नाही. काही जातींत माद्या स्वतः मंद तेवत राहतात आणि नर शोधत येतात. गार रात्री लुकलुक संथ होते, गरम रात्री जलद. म्हणजे तुझा प्रश्न बरोबर होता, मी तिला म्हटलं. त्यांना अंधारात दिसतंच. हा उजेड बघायला लावलेला नाही, कुणाला तरी आपण दिसावं म्हणून लावलेला आहे.

त्याच वेळी आमच्यापासून चार हातांवर गवताच्या पात्यावर एक दिवा जागच्या जागी पेटला. वरून जाणारा एक नर थबकला, वळला, खाली आला. मग दोन्ही विझले. आम्ही दोघी श्वास रोखून बसून राहिलो. त्यांनी काही पुन्हा उजेड दाखवला नाही.

घरी आलो तेव्हा मामी ताटं वाढून कंदिलाशी बसली होती. तांदळाची भाकर, जवसाची चटणी, आंब्याचा रस. भाचीने दोन वाट्या रस खाल्ला आणि ताटावरच पेंगली.

तिसरा दिवस : ५ जून

लाईन सकाळी दहाला आली.

आज प्रयोगाचा दिवस. काजवा न मारता काजव्याचं रसायन कसं सांगायचं, याचा मी रात्रभर विचार केला होता. मामीच्या चुलीपाशीच सुचलं. मी भाचीला रफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १८८५ साली त्याच्याकडे वेस्ट इंडीजमधला चमकणारा भुंगेरा होता. त्याने त्याचे प्रकाश देणारे अवयव गार पाण्यात वाटले. पाणी चमकलं आणि हळूहळू विझलं. दुसरा अवयव गरम पाण्यात टाकला. तो लगेच विझला. मग त्याने दोन्ही विझलेली पाणी एकत्र केली, आणि मिश्रण पुन्हा उजळलं.

"का?" मी विचारलं.

ती विचारात पडली. मामी भाकर थापत होती. तीच म्हणाली, "एकात काहीतरी सरलं असन, दुसऱ्यात काहीतरी जळलं असन. दोघाईचं मिळून पुरं झालं."

हे ऐकून मी मामीच्या पाया पडायची बाकी राहिले. अगदी हेच आहे. गार पाण्यात इंधन जळून संपलं, पण ते पेटवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, शिल्लक राहिलं. गरम पाण्यात विकर मेलं, इंधन शिल्लक राहिलं. द्युब्वाने इंधनाला ल्युसिफेरिन नाव दिलं आणि विकराला ल्युसिफेरेज. १९४७ मध्ये विल्यम मॅकेलरॉय याने दाखवलं की यात आणखी एक गोष्ट लागते: एटीपी, म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीत ताकद वाहून नेणारं रसायन. त्याला हजारोंनी काजवे हवे होते, म्हणून बाल्टिमोर शहरातल्या मुलांना तो शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट द्यायचा. भाचीला हे आवडलं नाही. मलाही माझी बाटली आठवली. पण त्या कामातूनच पुढे असं तंत्र निघालं की एटीपी असेल तिथे ल्युसिफेरेज चमकतं. दवाखान्यातलं टेबल किंवा दूध भरायचं यंत्र नीट स्वच्छ झालं की नाही, हे आज त्या चमकेवरून काही क्षणांत कळतं. मळ आणि जंतू जिथे उरले तिथे उजेड पडतो.

भाचीने चुलीत फुंकर घातली. जाळ भडकला. "काजव्याला भाजत नाही?" तिने विचारलं.

नाही. ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होतो, त्यातल्या ऊर्जेचा मोठा भाग उजेड होऊन बाहेर पडतो, भाजण्याइतकी उष्णता होतच नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त भाग नुसती उष्णता होऊन वाया जातात. काजव्याचा दिवा शंभर टक्के कार्यक्षम असतो, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जातं. मीही ते मुलांना लिहून दिलं आहे. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पुन्हा काटेकोर मोजलं, तेव्हा शंभर रेणू जळले तर सुमारे एकेचाळीस प्रकाशकण निघतात असं दिसलं. त्याआधीचा मान्य आकडा अठ्ठ्याऐंशीचा होता. आकडा घसरला म्हणून काजवा मला छोटा वाटत नाही. पाटीवरची चूक मात्र शाळा उघडली की पहिल्या तासाला पुसायची आहे.

उरला प्रश्न बटणाचा. काजवा क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो, हे कसं? पोटाच्या शेवटच्या भागात दिव्याच्या पेशी असतात आणि त्यांच्या मागे युरिक आम्लाच्या कणांचा पांढरा थर. बॅटरीतल्या आरशासारखा. हवा आणणाऱ्या बारीक नळ्या त्या पेशींपर्यंत पोचतात, पण एरवी वाटेतच पेशींची ऊर्जा-केंद्रं प्राणवायू गट्ट करतात. मेंदूकडून संदेश आला की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि त्या केंद्रांना क्षणभर थांबवतो. तेवढ्या फटीतून प्राणवायू आत शिरतो आणि दिवा लागतो. २००१ मध्ये याचा उलगडा झाला. हे सांगताना मी चुलीपुढे हात धरून वारा अडवून दाखवला, हात काढला, जाळ उठला. अगदी बरोबर उपमा नव्हे, पण तिला कळलं.

संध्याकाळी लाईन होती. खांबावरचा दिवा होता. पाळीच्या या टोकाला सात काजवे, दूरच्या अंधाऱ्या टोकाला पन्नासेक. कालचीच हवा, तीच ओल, तेच झाड. पावसाने माती भिजवल्यावरही ते इथून सरकले होते. दुसरं कारण मला सापडेना.

चौथा दिवस : ६ जून, अमावस्या

सकाळी मामांशी दिव्याबद्दल बोलले. मी जरा तावातच बोलले असेन. मामा शांतपणे म्हणाले, "हा दिवा मीच मागितला होता."

गेल्या वर्षी पाळीवरून वाघाने शेजारच्यांची कालवड नेली. "इथूनच जाते तो पाण्यावर. पोट्टे-बाया रात्री बाहेर निंगतात, म्हाताऱ्याईले साप दिसत नाही. तू आठ दिवस येतेस बाई. आमी इथं राहतो."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काजव्यांवर लिहिणाऱ्या आम्हा शहरी लोकांना अंधार सुंदर वाटतो, कारण तो आम्हाला सुटीपुरता मिळतो. पण मामांचं ऐकल्यावरही एक गोष्ट उरलीच: दिवा वाटेवर हवा होता, आणि तो तलावावर पडत होता.

म्हणून दुपारी मामांच्या ओळखीच्या जीपने आम्ही पेंचच्या जंगलाकडे, सिल्लारीला गेलो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. रात्रीचं आकाश काळंच राखायचं, असं ठरवलेलं जंगल. वाघोलीच्या तलावाजवळ तारे बघायची जागा केली आहे. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलून खाली, जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. मामांनी एका खांबाखाली उभं राहून तो दिवा नीट पाहून घेतला. वरून टोपी, उजेड फक्त पायाशी. "अंधार केला नाही यांनी," ते म्हणाले. "उजेडाले वळण लावलं."

हे ताऱ्यांसाठी झालं, पण काजव्यांनाही तेच हवं आहे. २०२० मध्ये जगभरच्या काजवा-अभ्यासकांना विचारून धोक्यांची क्रमवारी लावली, तेव्हा राहण्याच्या जागा नाहीशा होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं हे तीन सगळ्यांत वर आले. नराची लुकलुक मादीला दिसत नसेल, तर दहा कोटी वर्षांची भाषा त्या खांबाखाली मुकी होते. आणि अळी जर पाल्याखाली, गोगलगायींवर जगते, तर तलावाचा काठ सिमेंटने बांधून काढला किंवा बांधीत औषध जास्त मारलं, की पुढच्या वर्षी वरचा दिवाही नाही. मामांनी औषधाचं ऐकून घेतलं. धानावर तुडतुडा आला तर काय करायचं, असं विचारलं. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

जंगलातून रात्री येणं नको म्हणून उजेडीच परतलो. सहा वाजता मामा गावातल्या वायरमनला घेऊन आले. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून, वाकवून, त्याने दिव्याच्या तलावाकडच्या बाजूला तारेने बांधला. वाट तशीच उजळलेली. करंज अंधारात गेला.

अमावस्येची रात्र. आम्ही चौघंही पाळीवर, मामीसुद्धा. लग्नानंतर ती काजवे बघायला म्हणून पहिल्यांदाच आली होती. "इतक्या वर्साची इथं राहतो, अन् बसून पाह्यलं नाही," ती म्हणाली. करंजावर किती होते? परवाइतके नाही. दूरच्या टोकाला होते तसे. पण या झाडावर काल सात होते, आज त्याहून खूप जास्त. पत्र्यामुळे, की अमावस्येमुळे, की दिवसभर ढग राहून हवा दमट झाली त्यामुळे? एका रात्रीवरून सांगायचं नसतं, हे मी मुलांना शिकवते. मामांना पत्रा राहू द्यायला सांगितलं, एवढंच.

झाडाच्या बुंध्याशी कोळ्याचं जाळं होतं आणि त्यात एक काजवा अडकून लुकलुकत होता. भाचीने सोडवायला हात पुढे केला. मी थांबवलं नाही. त्याचं कारण तिला सांगितलं तेव्हा ती हादरली. चीनमधल्या संशोधकांना दिसलं की एका जातीचा कोळी जाळ्यातल्या नर काजव्याला विषाने चावतो आणि गुंडाळून ठेवतो. मग त्या नराची लुकलुक मादीसारखी होते, आणि तिला भुलून आणखी नर जाळ्यात येतात. नर दोन दिव्यांनी लागोपाठ चमकतो, मादी एका दिव्याने एकदाच. कोळ्यापायी नराचे शब्दच बदलतात. आमचा कोळी त्या जातीचा होता की नाही, ते काही आम्ही बघितलं नाही. भाचीने दोन बोटांनी धागे तोडले आणि काजवा तळहातावर घेतला. दोनदा चमकला, बोटाच्या टोकापर्यंत चढला आणि उडाला. तिने हात बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.

पाचवा दिवस : ७ जून

आज मृग लागला. सकाळी अंगणात मखमलीसारखे लाल मृगाचे किडे. मामा बियाण्याच्या पोत्यांकडे वळले होते, त्यांना आता आमच्यासाठी सवड नव्हती. मामीने सांडगे आणि जवसाची चटणी बांधून दिली.

बसमध्ये भाची वही काढून बसली. पावसाच्या रात्री गवतात विझलेल्या त्या दोन काजव्यांबद्दल तिने विचारलं. मादी अंडी घालेल का? घालेल, मी म्हटलं, काही दिवसांत, पाल्याखालच्या ओल्या मातीत. ती फुटायला साधारण तीन आठवडे लागतात. तिने बोटांवर मोजलं. म्हणजे शाळा उघडते त्याच आठवड्यात.

वहीच्या मागच्या पानावर जून महिन्याचे चौकोन आखलेले होते. २७ तारखेच्या चौकोनात 'शाळा' असं आधीच लिहिलेलं होतं. त्याच्या खाली तिने लहान अक्षरात लिहिलं, 'अळी'.